कोणावर गेली?

"ही कोणावर गेली?" या प्रश्नानं मला आयुष्यात जितकं छळलं तितकं दुसऱ्या कशानंही छळलं नसेल. आमच्याकडे पाळण्यात डोकावलेला माणूस बाळाची तब्येत विचारायच्या आधी हे विचारतो. मुलगा असेल तर चौकशी थोडक्यात आटपते. नाक आईचं असो, कान मामाचे असोत, तो बापावर गेला असं ठरवून लोक चहा पितात. मुलगी असली की मात्र पंचनामा सुरू होतो. कपाळ कुणाचं, रंग कुणाचा, हनुवटी कुणाची. आणि हिशोब जुळला नाही की सगळ्यांची नजर हळूच वळते ती तिच्या आईकडे. बापाकडे कुणी बघत नाही.

माझ्या बाबतीत हिशोब जुळला होता. मी दादांवर, म्हणजे वडिलांवर गेलेली. काळी, रुंद हाडाची, जाड भुवयांची. आत्या म्हणायची, "बापाचा छापा हाये," आणि वर जोडायची, "रंग तेवढा न्हाई घ्यायला पायजे व्हता." माझ्यानंतर काही वर्षांनी धाकटी झाली. ती गोरी, अंगानं बारीक, आणि डोळे घारे. माय सावळी, दादा काळे, आणि घारे डोळे तर आमच्या घरात किंवा मायच्या माहेरी कुणी पाहिलेच नव्हते. मी काळी म्हणून जे लोक माझ्या लग्नाची काळजी करत होते, तेच लोक ती गोरी म्हणून कुजबुजायला लागले. गोरी सून हवी म्हणून चार तालुके पालथे घालणारी माणसं ही! पण आपल्या घरात गोरी पोर जन्मली की ह्यांच्याच पोटात दुखतं.

आमचं शेत बदनापूर स्टेशनाच्या पलीकडे. मोसंबीची बाग, आणि विहिरीच्या अंगाला दादांची रोपवाटिका. डोळा भरण्यात दादांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोसंबी बी पेरून लावत नाहीत. आधी जंबेरीचं रोप वाढवायचं. जंबेरी म्हणजे काटेरी, आंबट, दणकट जातीचं लिंबू. तिच्या खोडाची साल चाकूनं अलगद उघडायची, चांगल्या मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा, म्हणजे कोंब यायची जागा, कापून त्या सालीत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा फुटून वाढू लागला की जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. खाली मुळं जंबेरीची, वर झाड मोसंबीचं. आणि ते झाड ज्या मोसंबीवरून डोळा घेतला तिच्यासारखंच निघतं, पानापासून सालीच्या जाडीपर्यंत. त्यात कधी फरक पडत नाही.

फरक पडला तर त्याचं कारण एकच असतं. कधीकधी खालच्या खुंटातून जंबेरीच पुन्हा फुटून वर येते. त्याला फुटवा म्हणतात. त्याचे काटे मोठे, पानं वेगळी, आणि वाढ अशी जोरदार की वेळेवर कापला नाही तर अख्खं झाड दाबून टाकतो. म्हणून बागेत फिरताना फुटवा दिसला की बागाईतदाराचा हात आपोआप विळ्याकडे जातो.

जन्मभर हेच काम केलेल्या माणसांच्या डोक्यात जन्माचा दुसरा नियम शिरतच नाही. रोप आईच्या झाडासारखंच निघालं पाहिजे, आणि वेगळं निघालं तर खालून काहीतरी परकं फुटलं. माणसाची पोरं डोळा भरून होत नसतात, हे आमच्या अख्ख्या मोसंबीवाल्या गावात एकाच्याही लक्षात येऊ नये? आजही लिहिताना माझं डोकं फिरतं.

एक्क्याऐंशी-ब्याऐंशी साल असेल. बागेत फुटवे काढायचं काम चाललं होतं. गड्यांच्या बायका, माय, आत्या, सगळ्या एका ओळीनं बसल्या होत्या. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. तिला गावातच दिलेलं, त्यामुळे दिवसातून एकदा तरी तिची आमच्याकडे फेरी असायचीच. धाकटी झाडांमधून पळत होती. आत्यानं तिच्याकडे बघितलं आणि बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बागेतले फुटवे कापून राह्यले, अन् घरातला फुटवा तेवढा पाणी घालून वाढवून राह्यले."

बायका हसल्या. एक-दोघींनी हसू पदरात दाबलं. माय खाली मान घालून विळा चालवत राहिली. दादा दोन ओळी पलीकडे एका रोपाला पट्टी बांधत होते. त्यांनी ऐकलं, मी त्यांचा हात क्षणभर थांबलेला पाहिला. मग ते पुन्हा पट्टी बांधायला लागले.

मी तेव्हा सातवीत होते. फुटवा म्हणजे काय ते कळायचं, आणि घरातला फुटवा म्हणजे काय तेही बायकांच्या हसण्यावरून कळलं. संध्याकाळी मी मायला चुलीपाशी गाठलं.

"माय, दादा काहून काही बोलले न्हाईत आत्याला?"

"तुझे दादा कोणाच्या तोंडी लागत न्हाईत," माय म्हणाली. "त्यांला माहीत हाये ना? बास झालं. ज्याला माहीत हाये त्यानं कशाला बोंब मारायची?"

हे तिनं रडत सांगितलं असतं तर मला समजलं असतं. तिनं ते अभिमानानं सांगितलं. गावात बाकीचे नवरे तोंडाळ, आपला माणूस मात्र खंबीर, अशा थाटात. पुढची कितीतरी वर्षं ती याच वाक्यावर जगली. लग्नाकार्यात बायका तिच्याकडे बघून पुटपुटायला लागल्या की ती पदर सारखा करायची आणि सरळ पुढं निघून जायची, घरी सगळं माहीत असलेला एक माणूस आहे म्हणून. मला ते कधी पटलं नाही. खोटं बोलणारे ओट्यावर बसून बोलतात आणि खरं माहीत असलेला पट्टी बांधत बसतो, यात खंबीरपणा कसला? पण तिच्या चेहऱ्यापुढं माझा इलाज चालायचा नाही.

घारे डोळे आले कुठून, हे शोधायचा मी माझ्या परीनं प्रयत्न केला होता. दादांच्या घराण्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्यांची. पणजोबा, त्यांचे भाऊ, त्यांच्या वरचे, सगळ्या पुरुषांची नावं जमिनीच्या कागदांवर आहेत आणि म्हाताऱ्यांच्या तोंडी आहेत. कुणी कुठली विहीर खोदली तेही सांगतात. मी विचारलं, पणजी दिसायला कशी होती? कुणाला सांगता येईना. तिचं माहेर कुठलं? माहीत नाही. नाव? त्यावर दोन म्हाताऱ्यांचं आपसात भांडण झालं. ज्या बाईनं ह्यांचा वंश चालवला तिचे डोळे काळे होते की घारे हे बघून ठेवायला ह्या घराण्यात कुणाला फुरसत झाली नाही. आणि तिच्याच पणतीला मात्र विचारतात, कोणावर गेली म्हणून!

पुढं मी प्राणिशास्त्र शिकायला औरंगाबादला गेले, आणि तिथं मला आमच्याच बागेतलं फुलपाखरू भेटलं.

मोसंबीवरची अळी आमच्याकडे पोरासोरांना ओळखीची. लहान असते तेव्हा पाखराची शीट पडल्यासारखी दिसते. मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलं की डोक्यातून लाल शिंग काढून घाण वास सोडते. तिचं फुलपाखरू मोठं, काळं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. बागेत त्याच्या जोडीला आणखी एक उडायचं. तेही काळं, पण मागच्या पंखावर मधे पांढरा डाग आणि कडेनं लाल लाल ठिपके. मी ह्या दोन वेगळ्या जाती धरून चालले होते. आमच्या सरांनी काचेची पेटी उघडून दाखवलं, की ते लाल ठिपक्यांचं म्हणजे त्या पहिल्याचीच मादी. काही माद्या नरासारख्या साध्या, काही लाल ठिपक्यांच्या. आणि एकाच आईच्या पोटी दोन्ही निघतात.

लाल का, तर त्याचीही गोष्ट आमच्याच बांधावरची. किडामारी नावाचं एक कडूजहर रोप तिथं उगवतं, पोरांच्या पोटातल्या जंतांवर देतात ते. त्यावर दुसऱ्याच एका जातीची अळी वाढते आणि त्या पानांतलं विष अंगात साठवून ठेवते. तिचं फुलपाखरू लाल ठिपक्यांचं, आणि अंगसुद्धा लालभडक. पाखरानं ते एकदा चोचीत धरलं की चांगली अद्दल घडते, पुन्हा ते त्या रंगाच्या वाटेला जात नाही. आमच्या मोसंबीवाल्या मादीच्या अंगात विष नाही. पण फार फार पिढ्यांपूर्वी कधीतरी एखादी मादी थोडी लालसर निघाली, पाखरू फसलं, ती वाचली. तिच्या लेकी वाचल्या. त्यांच्यातल्या ज्या जास्त हुबेहूब, त्या जास्त वाचल्या. असं होता होता पंखांचं सोंग पक्कं वठलं, अंग मात्र काळंच राहिलं. खरी कोण आणि सोंगाडी कोण हे अंगावरून ओळखायचं. मग सगळ्याच माद्या लाल का झाल्या नाहीत? कारण सोंगाड्या फार झाल्या की पाखराच्या चोचीत चवदारच जास्त येतात, आणि लाल रंगाचा धाक मोडतो.

हे शिकताना मला पहिला राग आला तो नरांचा. नर सगळे एकसारखे, काळे-पांढरे, आपले उडताहेत मजेत. जीव वाचवायला दुसऱ्याचं रूप घ्यायचं ते मादीनं. सर म्हणाले, मादी अंड्यांनी जड झालेली असते, पानापानाशी रेंगाळत उडते, तिला धोका जास्त. शिवाय नरानं रूप बदललं तर माद्या त्याला पसंत करत नाहीत, असंही एक मत आहे. मी म्हणाले, "म्हणजे इथंही सोंग बाईनंच घ्यायचं." वर्ग हसला. मी हसवायला बोलले नव्हते.

पण खरी गोष्ट त्याच्या पुढं होती. हे रूप ठरवणारी कळ गुणसूत्रावर एकाच जागी असते, आणि ती नराच्या अंगातही असते. फक्त त्याच्या पंखावर ती कधी उमटत नाही. त्यामुळे बाप साधा, आई साधी, आणि लेक लाल ठिपक्यांची, असं होऊ शकतं. मग ते लाल रूप आलं कुठून? बापाकडून. त्याच्या अंगात होतं, वरून दिसत नव्हतं, इतकंच. आता मी स्वतः हा धडा कॉलेजात शिकवते, पण त्या दिवशी तो ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर पंख नव्हते, आत्याचं तोंड होतं.

कुणी म्हणेल, फुलपाखराचे पंख आणि माणसाचे डोळे यांचा हिशोब एक नाही. नाहीच. घारे डोळे आई आणि बाप दोघांच्याही अंगात दडलेले असू शकतात आणि दोघांत न दिसता लेकरात उमटू शकतात, मग ती पोरगी असो की पोरगा. पण अंगात असणं वेगळं आणि अंगावर दिसणं वेगळं, एवढं समजायला फुलपाखरू पुरेसं होतं. दादांना पुस्तक दाखवून उपयोग नव्हता. त्यांचा विश्वास झाडावर दिसेल तेवढ्यावरच.

आणि ते दाखवायची घाई होती. नव्वदनंतरची ही गोष्ट, मी शिक्षणासाठी माझं लग्न लांबवलेलं. धाकटीचं धावड्याकडचं एक स्थळ नुकतंच मोडलं होतं. सगळं ठरत आलं होतं, आणि निरोप आला, "पोरगी चांगली हाये, पर घराबद्दल कानावर आलं." काय कानावर आलं ते निरोप्यानं सांगितलं नाही, आणि दादांनी विचारलं नाही. इतका चांगला पट्टी बांधणारा माणूस, पण स्वतःच्या बायकोच्या नावावर एवढी मोठी जखम झालेली, तिकडे बघायला तयार नाही. धाकटीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "ताई, आता अजून एक डाव. त्याच्यानंतर मी कोणाच्या समोर पाटावर बसनार न्हाई. बिलकुल न्हाई." ती बोलल्याप्रमाणे करणारी होती. दिवाळीनंतर जाफराबादची माणसं तिला बघायला यायची होती. तिथं कुणीतरी तो प्रश्न विचारणार, याबद्दल मला शंका नव्हती. त्या वेळी दादांच्या तोंडून तीन शब्द निघायला हवे होते. माझी पोरगी हाये. एवढंच. त्यावर मायची अब्रू आणि धाकटीचा संसार टांगलेला होता, आणि ज्याच्या हातात होतं तो गप्प.

त्या पावसाळ्यात मी प्रकल्पाचं निमित्त करून घरी आले. बागेतून अळ्या गोळा केल्या आणि खोक्यात घालून कोवळ्या पानांवर वाढवल्या. बागेत मोकळी उडणारी मादी पकडून चालणार नव्हतं, तिची जोडी आधी कुणाशी लागली ते कसं सांगणार? म्हणून कोषातून बाहेर पडलेली पहिली साधी मादी लगेच वेगळी काढली आणि तिच्या जोडीला एकच साधा नर ठेवला. रोपवाटिकेच्या कोपऱ्यात काही रोपांवर मायची मच्छरदाणी टांगली आणि ह्या दोघांना आत सोडलं. त्या नराच्या अंगात लाल रूप दडलेलं आहे की नाही हे मला माहीत नव्हतं. नसतं तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

शास्त्राची शिस्त मला मान्य आहे. बाप नक्की करायचा तर आईला जाळीत ठेवावंच लागतं. पण मच्छरदाणीच्या गाठी मारताना माझ्या मनात चीड दाटून यायची. फुलपाखराची मादी निदान प्रकल्पापुरतीच जाळीत होती.

रोपं न्यायला येणाऱ्या लोकांना मात्र करमणूक झाली. "काय दादा, आता अळ्या बी इकायला काढल्या का?" असं म्हणून ते हसायचे. रोपवाटिकेवाल्याची शिकलेली पोर चांगली रोपं अळ्यांना खाऊ घालते, याचा त्यांना कोण आनंद! दादा चिडतील असं मला वाटलं होतं. पण त्यांनी त्या कोपऱ्यात फवारा मारायचं बंद केलं, आणि रोज सकाळी ते जाळीपाशी येऊन उभे राहू लागले. आई साधी, बाप साधा, लेकी कशा निघतील ते बघायचं आहे, एवढं मी त्यांना सांगितलं होतं. घरातल्या गोष्टीचा एक शब्द मी काढला नव्हता.

"जाळी उघडी ऱ्हायली न्हाई ना रात्री?" ते विचारायचे.

"न्हाई दादा."

"काल वारा लई व्हता. खालून फट पडली असल. बाहेरचा नर शिरायचा एखादा."

आणि एका सकाळी मी बघते तर दादा स्वतः विहिरीवरच्या विटा एकेक करून आणत होते आणि मच्छरदाणीच्या कडेवर ठेवत होते. चारी बाजूंनी. मधे बोटाएवढीही जागा राहिली नाही याची हात फिरवून खात्री करत होते. मला इतका आनंद झाला! वाटलं, इतक्या उशिरा का होईना, बापाला माझ्या शास्त्राची गोडी लागली.

मादीनं अंडी घातली. अळ्या झाल्या, कोष झाले. ती पहिली जोडी मेल्यावर मी तिला पंख पसरून काचेच्या पेटीत लावून ठेवलं. दिवाळीच्या सुमाराला कोष फुटायला लागले. पहिले निघाले ते नर, सगळे बापासारखे. मग एक साधी मादी. दादांनी बघितलं आणि म्हणाले, "समदे सारखेच निघाले की." त्यांचा आवाज असा पडलेला होता की मलाच वाईट वाटलं. त्यानंतरच्या सकाळी एक कोष फुटला, ओले पंख हळूहळू उलगडले, आणि मागच्या पंखावर लाल ठिपके आले.

दादा उकिडवे बसले. ओले पंख वाळेपर्यंत बघत राहिले. मग विचारलं, "ही कोणावर गेली?"

"बापावर."

"बाप तर काळा व्हता."

"त्याच्या अंगात व्हतं, दादा. वरून दिसत नव्हतं."

"अन् दुसरा नर आत आल्ता न्हाई?"

"आता विटा तर तुम्हीच ठेवल्यात."

ते हसले. मी त्यांना असं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ते बदनापूरला गेले आणि धाकटीसाठी जिलेबी घेऊन आले. मायनं विचारलं, आज काय इशेष? "काही न्हाई, सहज," म्हणाले, आणि धाकटीच्या डोक्यावर हात फिरवून बाहेर गेले. पुढच्या दिवसांत आणखी लाल माद्या निघाल्या, काही साध्याही निघाल्या. दादा प्रत्येक वेळी हजर.

तुळशीचं लग्न झालं आणि जाफराबादची मंडळी जीप करून आली. मुलगा, त्याची आई, आणि त्याचे थोरले चुलते. चुलते कपाशीवाले शेतकरी, मोठ्या आवाजाचे, जास्त साखरेचा चहा मागून घेणारे. आत्या ओसरीवर सगळ्यांना दिसेल अशी बसलेली. धाकटी पाटावर बसली. शाळा कुठली, स्वयंपाक येतो का, हे सगळं झालं. मी आणि माय दाराच्या आत उभ्या होतो. आणि चुलत्यांनी कप खाली ठेवत विचारलंच.

"पोरगी कोणावर गेली म्हणायची?"

आत्या खाकरली. माझा हात मायच्या हातात होता, तो तिनं दाबला. तिच्या चेहऱ्यावर तेच होतं, वर्षानुवर्षांचं: त्यांला माहीत हाये. मी मनात ते तीन शब्द म्हणत होते. दादा उठून उभे राहिले.

"या माझ्यासंगं," ते म्हणाले.

पाहुण्यांना काही कळेना. दादा सगळ्यांना घेऊन रोपवाटिकेत गेले. आम्हीही मागोमाग गेलो. त्यांनी काचेची पेटी उघडली. "ही आई. साधी. हा बाप. साधा. बराबर?" मग जाळीकडे हात केला. "अन् ह्या त्यांच्या लेकी. बघा, लाल. कशा झाल्या? बापाच्या अंगात व्हतं, दिसत नव्हतं." चुलते मान हलवत होते. दादांना तेवढं पुरलं नाही. "तुमी म्हणसाल, बाहेरचा नर आत शिरला असल. बिलकुल न्हाई. मी सोता विटा ठेवल्या हायेत. ह्या बघा. रोज येऊन बघत व्हतो."

"बरं मंग?" चुलत्यांनी विचारलं.

"मंग म्हंजे... पोरीचं म्हणून राह्यलो मी. धाकटीचं."

चुलते मोठ्यानं हसले. "आवो दादा, त्याच्यात काय सांगायचं? संकरित कपाशीची सरकी घरी ठेवून पेरली, का एका वावरात चार तऱ्हेची झाडं निघत्यात. एका बोंडातली सरकी सारखी निघत न्हाई, अन् माणसाचं काय घेऊन बसलात? मी आपलं सहज इचारलं, समदेच इचारतात म्हणून. आमच्या पोराला पोरगी पसंत हाये. बोला, सुपारी कवा फोडायची?"

त्यांनी काही ऐकलं नव्हतं, किंवा ऐकून सोडून दिलं होतं. त्यांना शंकाच नव्हती. त्या सगळ्या घोळक्यात कुणाला पुरावा नकोच होता. दादा मात्र परत ओसरीकडे येईपर्यंत बोलत होते, जाळी कशी बांधली, कडेला विटा कशा ठेवल्या. मी वळून बघितलं. माय जाळीपाशीच मागं राहिली होती, खाली विटांकडे बघत.

लग्न ठरलं. साखर वाटली. आत्या तिच्या घरी गेली. जीप निघून गेल्यावर दादा खाटेवर ऐसपैस बसले. मायनं चहा आणून दिला.

"बघ," दादा म्हणाले. "मिटलं समदं."

"काय मिटलं?"

"लोकांची तोंडं. आता तुला कोणी काही बोलनार न्हाई."

"पाव्हण्यानं तर काही म्हणलंच न्हवतं," माय म्हणाली. "लोक बोलतात ते मला माहीत व्हतं. वन्सं काय बोलतात ते बी माहीत व्हतं. मला वाटायचं, तुमाला माहीत हाये, म्हणून तुमी गप हायेत. मी दोन्ही पोरींना तेच सांगत आले." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "तुमी विटा ठेवल्या. म्हंजे इतके दिस तुमाला माहीत न्हवतं."

दादांनी कप तोंडाला लावला होता, तो तसाच खाली घेतला. त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ मायनं आम्हाला आजवर समजावून सांगितला होता. या वेळी तिनं सांगितला नाही. ती रोपवाटिकेत गेली, एकेक वीट उचलून बाजूला ठेवली, आणि आपली मच्छरदाणी काढून घरात घेऊन आली.